एकच नाव, अनेक आजार : शुगरच्या आकड्यांनाही आकार असतो



समजा, पाथरी तालुक्यातल्या एका वस्तीतली एक ताई आहे. वय ३८. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, उन्हाळ्यात परत येते. अंगाने काटकुळी, वजन जेमतेम ४३ किलो. गेले काही महिने तिला सारखी तहान लागते, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते, अंगावरचे कपडे ढिले झाले आहेत. शेजारीण म्हणते, "एकदा शुगर तपासून घे." ती हसते. "आवं माय, मला कशाची शुगर? ती खाऊनपिऊन सुखी माणसायला होती."

असे बोलणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. कधी आपणच बोललो आहोत. या समजुतीपायी कितीतरी माणसे तपासणीला उशिरा जातात. पण हा फक्त आपल्या वस्तीचा गैरसमज नाही. मधुमेहाचे जे चित्र पुस्तकांत आणि पोस्टरवर असते, जाड पोट, बैठे काम, पन्नाशीचे वय, ते बरेचसे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून तयार झाले आहे. तिथल्या सरासरी रुग्णाचे ते चित्र आहे. आपली ही ताई त्या सरासरीत बसत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वैद्यकीय संशोधनात गणिताची एक नवी पद्धत आली आहे. ती सरासरी काढून थांबत नाही. हजारो रुग्णांच्या तपासण्यांचे आकडे एकत्र ठेवले तर त्यांचा 'आकार' कसा दिसतो, हे ती पाहते. टोपोलॉजी नावाच्या गणिताच्या शाखेतून ती आली, म्हणून तिला 'टोपोलॉजिकल डेटा ॲनालिसिस' म्हणतात. नाव अवघड आहे, पण मूळ कल्पना आपल्या गावाच्या नकाशावर समजते.

सरासरी काय लपवते?

आपल्या जिल्ह्यातले कोणतेही गाव डोळ्यापुढे आणा. गावात २०० घरे. गावकुसाबाहेर, तीनशे पावलांवर आपली ४० घरांची वस्ती. कचेरीत बसलेल्या माणसाने सगळ्या घरांची सरासरी जागा काढली आणि म्हणाला, "हातपंप इथे बसवा." तो पंप कुठे येईल? घरे जास्त असल्यामुळे गावाच्या बाजूलाच येईल. हिशेबात एकही चूक नाही. तरी गावाबाहेर एक वेगळी वस्ती आहे, ही गोष्टच त्या आकड्याने सांगितली नाही.

आजाराचेही तसेच. हजार रुग्णांची सरासरी काढली की जे संख्येने जास्त त्यांचे चित्र पुढे येते. लहान गट त्यात बुडून जातो.

आता दुसरी रीत पाहू. रात्री प्रत्येक घरापुढे एक दिवा ठेवला आणि त्याच्या उजेडाचे वर्तुळ हळूहळू वाढवत नेले. वर्तुळ पाच पावलांचे झाले तेव्हा भिंतीला भिंत असलेली घरे उजेडाने जोडली गेली. वीस पावलांचे झाले तेव्हा गल्ल्याही भरून गेल्या. आता उजेडाचे दोनच तुकडे दिसतात, एक गाव आणि एक वस्ती. वर्तुळ पुढे कितीतरी वाढवले तरी ते दोनच राहतात. मधले शेत पार झाल्यावरच एक होतात.

म्हणजे काही फटी लगेच बुजल्या आणि एक फट फार वेळ टिकली. लगेच बुजणारी फट म्हणजे साधी गल्ली, तिला महत्त्व नाही. जी बराच काळ टिकते ती खरी. या पद्धतीचे मुख्य सूत्र हेच आहे: जे थोडक्यात नाहीसे होते ते योगायोगाचे समजा, जे टिकते त्याकडे नीट पाहा.

रुग्णांच्या बाबतीत घराच्या जागी माणूस असतो आणि पावलांच्या जागी तपासण्यांतला फरक. वय, वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची शुगर, रक्तदाब, किडनीची तपासणी असे आकडे घेतात आणि ते एका मापावर आणतात. ज्या दोघांचे सगळे आकडे मिळतेजुळते ते एकमेकांचे 'शेजारी'. मग एक परभणीत आणि दुसरा न्यूयॉर्कमध्ये राहत असला तरी नकाशावर ते जवळ येतात. ज्यांचे आकडे वेगळे ते लांब पडतात, जरी दोघांच्या केसपेपरवर एकच नाव लिहिलेले असले तरी.

मिरवणुकीचे फोटो

याच पद्धतीतला एक प्रकार वैद्यकीय संशोधनात जास्त वापरला जातो. त्याला 'मॅपर' म्हणतात. तो समजायला १४ एप्रिलची मिरवणूक आठवा.

मिरवणूक इतकी लांब की एका फोटोत मावत नाही. म्हणून आपण ओळीने दहा-बारा फोटो काढतो आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली काही माणसे येतील अशी काळजी घेतो. नंतर फोटो जमिनीवर मांडले की कोणता कोणाला जोडायचा हे लगेच कळते, कारण तीच माणसे दोन्हीत दिसतात. पुढे चौकात मिरवणूक दोन रस्त्यांना फुटली असेल तर फोटोंच्याही दोन रांगा होतात. ज्याने मिरवणूक पाहिलीच नाही त्यालाही फोटो मांडल्यावर तिचा आकार आणि ती कुठे फुटली ते समजते.

संगणक रुग्णांच्या नोंदींचे असेच करतो. सगळ्या नोंदी एखाद्या क्रमाने लावतो, त्यांचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात सारख्या रुग्णांचे गट पाडतो आणि ज्या दोन गटांत काही रुग्ण समान आहेत ते रेषेने जोडतो. शेवटी एक जाळे तयार होते. त्याच्या फांद्या कुठे फुटतात, टोकाला कोण आहे, वेगळे बेट कुठे आहे, हे डॉक्टर पाहू शकतात.

यातून काय सापडले?

२०११ साली मोनिका निकोलाऊ, आर्नल्ड लेविन आणि गुन्नार कार्ल्सन या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींतील जनुकांची माहिती या पद्धतीने मांडली. जाळ्याच्या एका फांदीच्या टोकाला स्त्री-रुग्णांचा एक लहान गट वेगळा दिसला. त्या गटातल्या सगळ्या स्त्रिया अभ्यासाच्या काळात जिवंत होत्या आणि कोणाचाही कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरलेला नव्हता. त्याच माहितीवर आधीच्या पद्धतींनी गट पाडले होते तेव्हा या स्त्रिया वेगवेगळ्या गटांत विखुरल्या गेल्या होत्या. त्या वेगळ्या आहेत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या संशोधकांनी ही पद्धत मधुमेहाला लावली. सुमारे ११ हजार रुग्णांच्या नोंदींतून टाइप २ मधुमेहाचे अडीच हजारांवर रुग्ण घेतले. केसपेपरवर सगळ्यांचा आजार एकच. पण जाळ्यात तीन वेगळे गट दिसले. पहिल्या गटात किडनी आणि डोळ्याच्या पडद्याचा त्रास अधिक. दुसऱ्या गटात कॅन्सर आणि हृदयाचे आजार अधिक. तिसऱ्यात हृदयाच्या आजारांबरोबर मेंदू आणि मज्जातंतूंचे त्रास, ॲलर्जी आणि एचआयव्हीचा संसर्ग अधिक. या गटांत जनुकांचेही काही फरक दिसले.

याचा अर्थ सरळ आहे. 'शुगर' हे एकच नाव असले तरी त्याखाली एकाहून अधिक आजार राहतात. कोणाची किडनी आधी जाईल आणि कोणाचे हृदय, हे आधी कळले तर तपासणी त्या दिशेने लवकर करता येईल.

पुण्याने काय दाखवले?

हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातही विचारला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे या विषयावर काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखेच म्हणत होता, आतले शरीर मात्र वेगळे होते. वरून बारीक पण आत चरबी, असे शरीर आपल्याकडे बऱ्याच जणांचे असते.

याची सुरुवात आईच्या पोटात होते असे त्यांचे संशोधन सांगते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे हाडा-मांसाने लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ज्या आया हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे चांगल्या वाढीची होती.

२०१८ साली स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मधुमेह झालेल्या ८,९८० रुग्णांचे पाच गट पाडले. त्यातल्या एका गटात शरीर इन्सुलिनच फार कमी तयार करते. या गटात डोळ्याच्या पडद्याचा त्रास लवकर दिसला. दुसऱ्या एका गटात इन्सुलिन भरपूर असते पण शरीर त्याला दाद देत नाही, त्या गटात किडनीचा त्रास जास्त. मग पुण्याच्या केईएममध्ये वयाच्या ४५ वर्षांआधी मधुमेह झालेल्या १,६१२ जणांची माहिती त्याच रीतीने तपासली गेली. २०२२ साली निष्कर्ष छापून आले. तिथे निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिन कमी पडणाऱ्या गटातले निघाले. स्वीडनमध्ये तरुण वयात मधुमेह झालेल्यांत लठ्ठपणाशी जोडलेला गट मोठा होता. म्हणजे दोन्हीकडे केसपेपरवर नाव एकच असले तरी शरीरात बिघडलेली गोष्ट वेगळी होती. स्वीडन आणि पुण्याच्या या अभ्यासांत टोपोलॉजी वापरली नव्हती, गट पाडण्याची दुसरी रीत होती. प्रश्न मात्र तोच होता: या एका नावाखाली किती वेगवेगळी माणसे आहेत?

भुकेचा मधुमेह

आता पुन्हा आपल्या ऊसतोडीच्या ताईकडे येऊ. लहानपणापासूनच्या उपासमारीशी जोडलेला एक मधुमेह असतो, ही गोष्ट डॉक्टरांना जुनी आहे. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीत त्याला वेगळी जागा दिली होती. १९९९ साली पुरेसा पुरावा नाही म्हणून तो गट काढून टाकला. ज्यांना हा आजार होता ते कुठे गेले नाहीत. त्यांचा रकाना तेवढा गेला. मग त्यांची नोंद टाइप १ नाहीतर टाइप २ मध्ये होत राहिली.

२०२२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा बारीक रुग्णांवर केलेला एक छोटा अभ्यास छापून आला. या रुग्णांत इन्सुलिन कमी तयार होते, पण टाइप २ प्रमाणे शरीर त्याला दाद देत नाही असे नाही, हे त्यात दिसले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला 'टाइप ५ मधुमेह' म्हणून मान्यता दिली. तज्ज्ञांत यावर अजून वाद आहे. पण हा रकाना पुन्हा उघडला, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे.

भुकेचा परिणाम पुढे कित्येक वर्षांनी दिसतो, याचा पुरावा युरोपातूनही आला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलणे इतरांपेक्षा जड जात होते. मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला. खडी फोडायला जाणाऱ्या आपल्या आया-आज्यांच्या पोटातली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांची शुगर तपासलेली असलीच पाहिजे.

या पद्धतीच्या मर्यादा

कोणत्याही नव्या गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे आपल्याला शिकवलेले आहे. ते इथेही लागू आहे.

पहिली गोष्ट, जाळ्यात गट दिसला म्हणजे तो खरा असेलच असे नाही. फोटोचे तुकडे किती रुंद घ्यायचे, कोणते आकडे धरायचे, हे माणूसच ठरवतो. त्यामुळे एका ठिकाणी सापडलेला गट दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या रुग्णांत पुन्हा सापडला तरच तो मानायचा.

दुसरी गोष्ट, आकडाच चुकीचा असेल तर आकारही चुकीचा निघतो. 'तीन महिन्यांची शुगर' सांगणारी एचबीए१सी तपासणी घ्या. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवू शकतो. विदर्भात बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणे घरोघरी आहे. अशा माणसाची नोंद नकाशावर चुकीच्या जागी पडते. म्हणून रक्त कमी आहे किंवा घरात सिकलसेल आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही त्याचा ठिपका नकाशावर पडत नाही. संगणक कितीही हुशार असला तरी ज्या वस्तीतून एकही नोंद गेली नाही ती वस्ती त्याला दिसणार नाही. मग औषधे आणि नियम इतरांच्या शरीरावरून ठरतात.

आपण काय करायचे?

बारीक असाल तरी तपासा. वय ३० च्या पुढे असेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपीची तपासणी मोफत होते. आशाताई फॉर्म भरायला आली तर तिला परत पाठवू नका. ऊसतोडीला जाण्याआधी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची तपासणी उरकून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली तर डॉक्टर मधुमेह धरतात. एकदा आली तर खात्रीसाठी पुन्हा तपासतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा: शुगर कोणत्या वयात निघाली, त्या आधी वजन किती होते आणि किती उतरले, लहानपणी खाण्याचे हाल होते का. वजन झपाट्याने उतरत असेल, उलट्या होत असतील, श्वास जोरात चालत असेल, गुंगी येत असेल तर एक दिवसही न थांबता सिव्हिलला न्या.

इन्सुलिन सांगितले म्हणजे शेवट आला, असे समजू नका. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनच कमी आहे त्यांना ते बाहेरून देणे हाच उपचार असतो. हा लेख वाचून गोळी बंद करू नका किंवा बदलू नका. बारीक माणसाने शुगरच्या भीतीने उपाशी राहू नये. त्याला वजन घटवायचे नसते. भाकरी किती खायची ते डॉक्टरांना विचारा, पण जेवणात वरण, मोड आलेली कडधान्ये, अंडी, पालेभाजी असू द्या.

वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, किडनी आणि पाय तपासून घ्या. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायाच्या वेदनांनी आणि मंद झालेल्या नजरेने त्यांना किती त्रास दिला, हे आपण वाचलेले आहे.

प्रत्येक रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. ती पिशवी कारखान्यावर जाताना बरोबर न्या. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तुमचा आजार आधीपासून कसा वाढला, हे त्यावरूनच कळेल.

कोणी संशोधनासाठी रक्त किंवा माहिती मागायला आले तर घाबरू नका, पण विचारल्याशिवाय सहीही करू नका. हे कशासाठी आहे, माझे नाव गुप्त राहील का, रिपोर्ट मला मिळेल का, एवढे विचारा. संमतीपत्र आपल्या भाषेत समजावून घेणे हा तुमचा हक्क आहे. नाही म्हणालात म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. पटले तर जरूर भाग घ्या. आपली माणसे अशा अभ्यासांत असतील तर आपल्यासारख्या शरीरांचा आजार डॉक्टरांना दिसेल.

येत्या पौर्णिमेला विहारात सगळे जमतील तेव्हा आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या सीएचओंना बोलवा. वंदना झाल्यावर तासाभरात पन्नास माणसांची शुगर तपासून होते. यादी करताना वस्तीतल्या बारीक माणसांची नावे आधी लिहा, आणि जे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले आहेत त्यांची नावे परत आल्यावर तपासायची म्हणून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.